विचारा, सांगते : स्क्रीन लवकर का थकते?

मागच्या अंकात ओघाओघात लिहून गेले, की माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याचशा एलसीडी स्क्रीन वापराने गेलेल्या नसतात. कोणीतरी त्या पुसून, दाबून नाहीतर तापवून घालवलेल्या असतात. त्यावर भरपूर पत्रं आली. काही चिडलेली, बरीचशी काळजीत पडलेली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून आज फक्त स्क्रीनबद्दलच बोलू.

प्रश्न : ताई, माझा मॉनिटर आठ वर्षांचा आहे. मी अनुवादाचं काम करते, दिवसाचे नऊ तास तो चालू असतो. पूर्वी ब्राइटनेस ४० वर पुरायचा, आता ८० वर ठेवला तरी मंद वाटतो. पांढरा रंगही किंचित पिवळसर दिसतो. पॅनल संपत आलं का?

पॅनलला काही झालेलं नाही, मागचा दिवा दमलाय. एलसीडीतला द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) स्वतः उजेड देत नाही. तो खिडकीच्या झडपांसारखा असतो : मागून येणारा उजेड कुठे सोडायचा आणि कुठे अडवायचा, एवढंच त्याचं काम. ते तो वर्षानुवर्षं बिनतक्रार करतो. झिजतो तो बॅकलाइट. तुमच्या मॉनिटरमध्ये एलईडीची पट्टी असणार, बहुधा एका कडेला बसवलेली. त्यातल्या प्रत्येक एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश पडला की पिवळा प्रकाश देणारा लेप. दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. वर्षं जातात तशी चिप मंदावते, फॉस्फर उतरतो, आणि उजेड सगळीकडे पसरवणारं पारदर्शक प्लास्टिकही उष्णतेने पिवळं पडतं. तुम्हाला दिसतोय तो पिवळेपणा यातूनच आलेला.

बॅकलाइटचं आयुष्य मोजतात ते उजेड मूळच्या निम्म्यावर यायला किती तास लागतात यावर. साधारणपणे ३०,००० ते ५०,००० तास असा आकडा सांगितला जातो. आता तुमचा हिशेब करू. दिवसाला नऊ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर २,७०० तास. आठ वर्षांत २१,६००. म्हणजे तुमचा दिवा वयाला साजेसाच वागतोय. हाच मॉनिटर दिवसरात्र चालू ठेवला असता तर वर्षाला ८,७६० तास पडले असते आणि आजची अवस्था अडीच वर्षांतच आली असती.

आयुष्य वाढवायचा सगळ्यात मोठा उपाय फुकट आहे : ब्राइटनेस कमी ठेवा. मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा तो बहुतेकदा भगभगीत लावलेला असतो, कारण दुकानाच्या झगझगाटात तो उठून दिसायला हवा असतो. साध्या मॉनिटरची क्षमता २५० ते ३५० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आसपास असते. खोलीतल्या नेहमीच्या उजेडात कामाला १२० निट्स पुष्कळ होतात. मोजायचं यंत्र लागत नाही. स्क्रीनवर कोरा दस्तऐवज उघडा, बाजूला पांढरा कागद धरा. कागदापेक्षा स्क्रीन जास्त झळकत असेल तर कमी करत या, दोन्ही सारखे दिसले की थांबा. एलईडीतला प्रवाह उतरतो, उष्णता उतरते, आणि संध्याकाळी डोळेही कुरकुरत नाहीत.

इथे दोन गफलती हमखास होतात. पहिली म्हणजे लोक कॉन्ट्रास्ट कमी करतात आणि दिवा वाचवल्याचं समाधान मानतात. कॉन्ट्रास्टने झडपा अर्धवट मिटतात, मागचा दिवा तसाच जळत राहतो. दुसरी, संगणकातल्या एखाद्या अ‍ॅपने स्क्रीन ‘मंद’ करतात. बरीचशी अ‍ॅप फक्त चित्र काळपट करतात. डेस्कटॉपच्या मॉनिटरचा ब्राइटनेस त्याच्या स्वतःच्या बटणांनीच कमी करा. खात्री हवी असेल तर रात्री खोलीतला दिवा घालवा आणि पूर्ण काळं चित्र लावा. एलसीडीचा काळा रंग पूर्ण काळा नसतो, मागून थोडी धूसर झाक येतेच. ब्राइटनेस हलवल्यावर ती झाकही कमी झाली, तर खरोखर दिव्याला हात लागलाय.

तुमच्या मॉनिटरची पट्टी बदलता येते का? येते. पण त्यासाठी पॅनलचे पातळ थर एकेक करून सुटे करावे लागतात, आणि त्यात धुळीचा एक कण शिरला तरी पुढे रोज दिसतो. ८० वर काम भागतंय तोवर मी तरी तो उघडणार नाही. टेबल खिडकीकडून जरा वळवा, ८० सुद्धा जास्त वाटेल.

प्रश्न : स्क्रीनसेव्हर लावला तर स्क्रीन वाचते ना? मी पूर्ण काळा स्क्रीनसेव्हर लावलाय आणि सगळीकडे डार्क मोड ठेवलाय.

एलसीडीवर यातल्या कशानेही दिवा वाचत नाही. स्क्रीनसेव्हर हा जुन्या, मागे फुगीर असलेल्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचा वारसा. त्यात पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फर असायचा आणि एकच चित्र महिनोन्महिने राहिलं तर त्याचा डाग कायमचा बसायचा. एलसीडीत काळं चित्र असतानाही मागचा साधा बॅकलाइट पूर्ण जोमाने चालू असतो, झडपा मिटलेल्या असतात इतकंच. डार्क मोडचंही तेच. त्याचा खरा उपयोग ओएलईडी स्क्रीनवर, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो आणि काळा म्हणजे बंद. तुम्हाला डोळ्यांना बरा वाटत असेल तर डार्क मोड खुशाल ठेवा.

स्क्रीनसेव्हर काढा, आणि पाच-दहा मिनिटं हात लावला नाही तर डिस्प्ले बंद व्हावा अशी सेटिंग करा. वारंवार चालू-बंद झाल्याने बिघडेल ही भीती जुन्या मॉनिटरच्या काळातली. त्यात बॅकलाइटला सीसीएफएल नावाच्या बारीक नळ्या असत आणि प्रत्येक वेळी पेटताना त्यांची टोकं थोडी झिजत. एलईडीला त्याचं काही वाटत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात काचा पुसायच्या स्प्रेनेच सगळे मॉनिटर पुसले जातात. आता दोन मॉनिटरवर वरपासून खालपर्यंत उभ्या रंगीत रेषा आल्या आहेत आणि एकावर ढगासारखे डाग. हे पुसण्यामुळेच कशावरून?

पैजेवर सांगते, पुसण्यामुळेच. या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण स्क्रीनचे सगळ्यात जास्त बळी इथेच जातात.

आधी डाग. तुम्ही पुसता ती काच नसते. बहुतेक मॉनिटरमध्ये सगळ्यात पुढे पोलरायझर नावाची, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर चकाकी मारणारा अतिशय पातळ, खरखरीत थर. काचेच्या स्प्रेतला अमोनिया, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, तीव्र अल्कोहोल, हे सगळे त्या थराचे वैरी. एकदा पुसल्यावर काही दिसत नाही. दर आठवड्याला पुसत राहिलं की थर जागोजागी उतरतो, आणि मग बंद स्क्रीन तिरकी पाहिली की ढग दिसतात. ते परत भरून येत नाहीत.

आता रेषा. एखाद्या मॉनिटरची पुढची चौकट काढली की काचेच्या कडेला तपकिरी रंगाच्या पातळ, लवचीक पट्ट्यांची रांग दिसते. प्रत्येक पट्टीवर काळी, लांबट चिप. या पट्ट्या पॅनलच्या काचेला सोल्डर केलेल्या नसतात. वीजवाहक कण मिसळलेल्या चिकट थराने उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावरच्या रेघा इतक्या बारीक, की भिंगाखालीही मोजताना डोळे दुखतात. कितीतरी मॉनिटरमध्ये ही रांग नेमकी खालच्या कडेला असते. आता स्प्रे सरळ स्क्रीनवर मारला की काय होतं पाहा. ओघळ खाली येतो, चौकट आणि पॅनल यांच्यामधल्या केसभर फटीत उतरतो, आणि थेट या पट्ट्यांवर. वीज चालू असली तर शेजारच्या दोन रेघांमध्ये गंज धरायला तेवढा ओलावा पुरतो. एक रेघ तुटली की स्क्रीनवर एक उभी रेषा उमटते, एक पट्टी सुटली की अख्खा पट्टाच काळा किंवा पांढरा होतो. अशा पट्ट्या पुन्हा चिकटवायची यंत्रं असतात, पण साध्या मॉनिटरसाठी तो खटाटोप कोणी करत नाही. पॅनल गेलं म्हणायचं.

मग पुसायचं कसं? मॉनिटर बंद करा आणि गार होऊ द्या. काळ्या स्क्रीनवर धूळ आणि बोटांचे ठसे नीट दिसतात, गरम स्क्रीनवर पाणी वाळून ओरखडे उमटतात. आधी कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने वरून खाली, अगदी हलक्या हाताने धूळ उतरवा. दहातल्या नऊ वेळा इथेच थांबता येतं. ठसा राहिलाच तर कापडाच्या एका कोपऱ्याला डिस्टिल्ड पाणी लावा. कापड ओलसर हवं, पिळलं तर थेंब पडता कामा नये. डाग चिवट असेल तर जोर वाढवू नका, ओलसर कापड त्यावर काही क्षण नुसतं टेकवून ठेवा. मग कोरड्या भागाने टिपा. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके सोडतात, म्हणून ते नको. कागदी रुमालही नको, त्यातल्या तंतूंनी बारीक ओरखडे पडतात. अंगातल्या शर्टाची बाही तर नकोच. बाहीवर काय काय असतं ते बाहीच्या मालकालाही माहीत नसतं.

ओरखड्यावर टूथपेस्ट घासा असा एक सल्ला फिरत असतो. टूथपेस्टमध्ये घासून काढणारे कण असतात. एक ओरखडा घालवायला गेलात तर शंभर येतील.

प्रश्न : स्क्रीनच्या आत एक चिलट फिरतंय! कर्सर समजून मी त्यावर दोनदा क्लिक केलं. बाहेर कसं काढू?

त्याला बोट लावू नका. हसू येतंय, पण हे गंभीर आहे. ते पॅनलच्या मागे, उजेड पसरवणाऱ्या थरांमध्ये शिरलंय. बाहेरून दाबलंत तर ते जागीच चिरडेल आणि एक काळा ठिपका कायमचा तुमच्या सोबतीला राहील. मॉनिटर बंद करा, खोलीत अंधार करा, आणि मॉनिटरच्या कडेशी एखादा छोटा दिवा लावून ठेवा. उजेडाच्या ओढीने ते आत आलं तसंच बाहेर पडण्याची शक्यता असते. नाही पडलं, तर जिवंत आहे तोवर त्याला कडेकडेला जाऊ द्या. चौकटीच्या आड जाऊन मेलं तर तुमचं काहीच बिघडत नाही.

प्रश्न : लॅपटॉप उन्हात राहिला. परत येऊन पाहिलं तर स्क्रीनच्या मधोमध मोठा काळा डाग. सावलीत ठेवल्यावर तो हळूहळू नाहीसा झाला. आता सगळं ठीक म्हणायचं का?

यावेळी सुटलात. झालं काय ते सांगते, म्हणजे पुन्हा करणार नाही.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट नावाचा पदार्थ तापवून पाहत होता. तो १४५.५ अंश सेल्सियसला वितळला, पण गढूळ राहिला, १७८.५ अंशांना तो गढूळपणा अचानक निवळला. त्या दोन तापमानांच्या मधली अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक. तुमच्या स्क्रीनमधलं मिश्रण वेगळं आहे, तापमानंही बरीच खालची आहेत, पण नियम तोच. एका मर्यादेपलीकडे तापलं की रेणूंची शिस्त मोडते आणि तो साधा द्रव होतो. शिस्तच नाही म्हटल्यावर प्रकाशाला वळवणार कोण? पुढचा-मागचा पोलरायझर एकमेकांना आडवे असल्यामुळे तो भाग काळा दिसतो. गार झालं की रेणू पुन्हा रांगेत येतात आणि डाग जातो.

द्रवस्फटिक सावरला, पण बाकीच्यांचं तसं नसतं. पोलरायझरची फिल्म आणि तिच्यातला गोंद उष्णतेने आणि अतिनील किरणांनी कायमचे बिघडतात. फिल्म कडेने सुटते, फुगे येतात, रंग बदलतो. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, ती हवेच्या तापमानाची. उन्हात पडलेलं काळं झाकण त्याच्या कितीतरी पुढे जातं. बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका, आणि टेबलावर थेट ऊन येत असेल तर निदान पडदा ओढा.

उलट्या बाजूचंही पथ्य आहे. थंडगार जागेतून उबदार खोलीत आणलेली स्क्रीन लगेच सुरू करू नका. आत दव धरतं. तासभर थांबा.

प्रश्न : मॉनिटर सुरू केला की दोन सेकंद चित्र दिसतं आणि काळं होतं. पॉवरचा दिवा मात्र चालूच. टाकून द्यावा का?

थांबा, आधी टॉर्चने पाहा. खोलीत अंधार करा, संगणक चालू राहू द्या आणि काळ्या स्क्रीनच्या अगदी जवळून तिरका टॉर्च मारा. अंधुकसे आयकॉन, खिडक्यांच्या कडा दिसतात का? दिसल्या तर पॅनल जिवंत आहे, चित्रही येतंय; बॅकलाइट किंवा त्याला वीज पुरवणारा भाग तेवढा गेलाय. दोन सेकंदांनी बंद पडणं ही संरक्षक सर्किटची खूण : दिव्यात किंवा पुरवठ्यात गडबड दिसली की ते पाय मागे घेतं.

अशा मॉनिटरमध्ये मला बऱ्याचदा सापडतात ते फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या डब्या. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. गेलेल्याचं डोकं घुमटासारखं वर येतं, कधी त्यावर तपकिरी पापुद्रा असतो. ते बदलणं ही किरकोळ दुरुस्ती आहे आणि तेवढ्याने कैक मॉनिटर पुढे वर्षानुवर्षं चालतात. पण तुम्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवाला धोका होईल इतकी वीज उरलेली असू शकते. जाणकाराकडे न्या आणि टॉर्चने काय दिसलं ते सांगा. त्याचा निम्मा वेळ वाचेल.

या कपॅसिटरचं आयुष्यही उष्णतेवरच. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर आयुष्य दुप्पट. म्हणून मॉनिटरच्या वरच्या जाळीवर फाइल, टोपी, टॉवेल ठेवू नका, भिंतीला टेकवू नका, आणि जाळीवरची धूळ अधूनमधून मऊ ब्रशने झाडा.

प्रश्न : नव्या मॉनिटरवर एक पिक्सेल कायम हिरवा आहे. बदलून मिळेल का?

फुल एचडी स्क्रीनवर २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल, म्हणजे ६२,२०,८००. त्यातला एखादा अडकतो. किती दोष चालतील यासाठी आयएसओ ९२४१-३०७ हे मानक २००८ पासून आहे, पण बदलून मिळणं ठरतं ते तुमच्या कंपनीच्या वॉरंटीतल्या मजकुरावर. तो आधी वाचा. हिरवा पेटून राहिलेला पिक्सेल भराभर रंग बदलणारं चित्र काही तास लावल्यावर कधीकधी सुटतो. कायम काळा असलेला सहसा नाही. बोटाने दाबून सोडवायचा उपाय कोणी सांगेल. वॉरंटी आहे तोवर तरी तो नको.

प्रश्न : लॅपटॉपच्या स्क्रीनसाठी वेगळं काही?

आहे, पण थोडक्यात. झाकण वरच्या कडेला मधोमध धरून उघडा. रोज एकाच कोपऱ्याने उघडलं की बिजागरी पिळवटते आणि तिच्यातून जाणारी स्क्रीनची केबलही. झाकणाचा कोन बदलल्यावर चित्र लुकलुकत असेल तर संशय त्या केबलवर. मिटण्याआधी कीबोर्डवर पेन, इअरफोन राहिलाय का पाहा. कॅमेऱ्यावर चिकटवायच्या सरकत्या झाकण्याही जपून. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये तेवढी फट नसते, आणि अ‍ॅपलने तर २०२० साली मॅकबुकच्या ग्राहकांना त्या लावून झाकण मिटू नका असं लेखी सांगितलं होतं. पिशवीत स्क्रीनच्या बाजूला चार्जर ठेवू नका. हा शेवटचा एक नियम पाळला असतात, तर माझ्याकडची कितीतरी गिऱ्हाइकं कमी झाली असती.

प्रश्न : रात्री मॉनिटर भिंतीवरच्या स्विचने बंद करावा का? नवरा म्हणतो स्टँडबाय पुरे.

स्क्रीनच्या आयुष्यापुरतं बोलायचं तर नवऱ्याचं बरोबर आहे, स्टँडबायमध्ये बॅकलाइट बंदच असतो. वीज कडाडत असेल किंवा गावाला जाणार असाल तर मात्र प्लगच काढा.